डोळे बांधणारे तात्या

कामावर हजर झालो त्या पहिल्याच दिवशी तात्या खवणेकरांनी आम्हा पाचही जणांचे डोळे बांधले. जुना पंचा फाडून केलेल्या पट्ट्या होत्या आणि त्यांना सुक्या बांगड्याचा वास येत होता. मग माझ्या तळहातावर काहीतरी थंड, जड, गुळगुळीत ठेवून त्यांनी विचारलं, "काय ह्यां?"

"तात्यांनू, डोळे सोडा, मगे सांगतंय."

"डोळे सोडल्यार गाढवसुदीक सांगात. हातान सांग."

मी चाचपलं आणि म्हटलं, "कप. चायचो. कान मोडलेलो."

"तुझ्या सासुरवाडीक असल्या कपातसून चाय देतत काय रे?" असं म्हणून त्यांनी ती वस्तू काढून घेतली. तो इन्सुलेटर होता. खांबावर विजेची तार ज्या चिनी मातीच्या टोपीवर बसते, तो. बाकीचे चौघे हसले. त्यांचेही डोळे बांधलेले होते, तरी हसले. मला तेव्हाच या माणसाचा राग आला, आणि मी स्वतःला समजावलं की हा राग तत्त्वाचा आहे.

साठ सालानंतरची ती पहिली वर्षं. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर वीज यायची होती. खांब येऊन पडले होते, तारांची भेंडोळी आली होती, बंदराजवळच्या एका जुन्या वखारीत वीजखात्याचं गुदाम उघडलं होतं. आणि या सगळ्यात काम करायला माणसं कुठली? घाटावरची! खांब आमच्या जमिनीत पुरणार, तारा आमच्या माडांवरून जाणार, माडांच्या झावळ्या आमच्या तोडणार, आणि नोकरी मात्र वरून आलेल्याला. का? तर म्हणे किनाऱ्यावरच्या पोरांना विजेच्या मालाची ओळख नाही. मी विचारतो, ओळख कुणाला पोटातून येते? मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, मॅट्रिक झालेला होतो आणि छापखान्यात उधारी चालत होती. पत्रकं काढली. सभा घेतल्या. कचेरीच्या दारात बसलो. शेवटी खात्यानं पाच स्थानिक मुलं तीन महिन्यांसाठी घेतली आणि त्यात मलाही घेतलं. तोंड बंद करायला, हे उघड होतं.

अट अशी होती की तीन महिन्यांनी मोठे इंजिनियर साहेब येऊन परीक्षा घेतील. माल ओळखता आला तर पाचही जण कायम. नाही आला तर घाटावरच्यांची यादी तयारच होती. आणि तोपर्यंत आम्हाला शिकवणार कोण, तर स्टोअरकीपर तात्या खवणेकर. म्हणजे आमची पाच घरं या एका माणसाच्या हातात. आणि हा माणूस डोळे बांधतो!

तात्या जातिवंत दर्यावर्दी. आई मासे विकायची. हे स्वतः पंचवीस वर्षं परदेशी बोटीवर, विजेच्या सामानाच्या कोठीत, पाण्याच्या पातळीखाली, जिथे दिवस उगवतच नाही. अंगानं सुकटीसारखे. बायको जाऊन वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन मुंबईला. आम्ही सकाळी जायच्या आधी ते गुदामात असायचे आणि आम्ही निघालो तरी तिथेच असायचे. त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून पंधरा वेळा यायचं: "डोळो फितूर, हात इमानी."

त्यांची सगळी शाळा मासळीबाजारातून आलेली. "बांगडो घेताना गालफड उघडून बघतंस मा? मगे वायर घेताना तिचो रबर कित्याक वाकवून बघूक नाय?" वायर बोटावर वळवायची, रबराला चीर गेली की ती शिळी. लोखंडी तार चिमटीतून ओढायची, जस्त खरबरीत लागलं की फेकायची, कारण आमच्या खाऱ्या वाऱ्यात ती एक पावसाळा काढत नाही. स्विच गालाला लावायचा: चिनी मातीचा गार लागतो, दुसरा लागत नाही. इन्सुलेटरला तर कानाजवळ धरून टिचकी मारायची. "आवस मडक्या घेता तशी मार. खणखणलो तर चांगलो. बद् वाजलो तर तडो गेलेलो, मगे तो कितीय गोरो दिसांदे."

पांडू नावाचा देवबागचा एक गडी आमच्यात होता. किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ते रापण, ती ओढणाऱ्यांच्या घरातला. त्यानं एकदा इन्सुलेटर वाजवला आणि गंभीरपणे म्हणाला, "तात्यांनू, हो माझ्या काकीसारखो वाजता."

"म्हंजे तडो आसा. बाजूक ठेव."

आणि खरंच तडा होता. उजेडात धरल्यावर केसाएवढा दिसला.

वस्तूचं नाव मात्र ते सांगायचे नाहीत. "नाव मागीर. आधी वळख." महिना झाला तरी सिलिंग रोज, म्हणजे छतावरची ज्यातून दिव्याची वायर खाली लोंबते ती वाटी, माझ्या हाताला कळत होती आणि तिचं नाव तोंडाला येत नव्हतं. परीक्षा तर तोंडी होणार! मी तसं म्हटलं तर तात्या म्हणाले, "छापखाना, तुका नावां लय येतत. म्हणूनच तुका शिकवूक येळ लागता." माझं नाव त्यांनी छापखाना ठेवलं होतं. सगळ्या गुदामात तेच चालायचं.

याहून मोठा अपमान वेगळा होता. माल आला की सोबत कागद यायचा, यादी. तो कागद तात्या कधी स्वतः वाचत नसत. माझ्यापुढे धरायचे. "वाच. मोठ्यान वाच. तुका वाचूक येता काय तां माका बघूचा आसा." मी मॅट्रिक! सभांमधून भाषणं केलेला माणूस! आणि रोज सकाळी पहिलीतल्या पोरासारखा उभा राहून "लाकडी गोल ब्लॉक, नग शंभर" म्हणून वाचतोय. मधेच थांबलो की, "पुढे?" आणि ते डोळे मिटून ऐकायचे, जशी काय पोथीच चालली आहे. मी वाचताना मुद्दाम रागानं वाचायचो. त्याचाही उपयोग नव्हता. "बरो वाचतंस," म्हणायचे.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ते लाथेचं प्रकरण घडलं.

खोकी फुटून आली होती, सगळा माल एकत्र झाला होता. स्विच, होल्डर, लाकडी पट्ट्या, वायरचे तुकडे, खिळे, सगळा काला. तात्या पांडूला म्हणाले, "ह्यां सगळा नीट लावन ठेव," आणि चहाला गेले. आता नीट लावणं म्हणजे आपल्या लेखी काय? स्विच एकीकडे, होल्डर एकीकडे. पण पांडूच्या हाताला जन्मापासून एकच नीट माहीत. रापण किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात थोडं सगळं: चार बांगडे, दोन पेडवे, एखादा मोठा मासा असेल तर त्याचा तुकडा. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. पांडूनं तसेच वाटे घातले! गुदामाच्या मधोमध, जमिनीवर, अकरा ढीग. प्रत्येकात एक कटाउट, म्हणजे फ्यूजची चिनी मातीची डबी, दोन स्विच, दोन होल्डर, सारख्या लांबीची वायर, मूठभर खिळे. आणि वर, रिवाजाप्रमाणे, ढिगांकडे पाठ करून उभा राहिला आणि ओरडला, "ह्यो कोणाचो?" म्हणजे ज्याचं नाव येईल त्याचा तो वाटा, पाठ अशासाठी की वाटणाऱ्याला बघून लबाडी करता येऊ नये.

"माझ्या सासऱ्याचो!" आमच्यातला कुणीतरी ओरडला.

तेवढ्यात तात्या आले. गुदामात ते नेहमी वाऱ्यासारखे चालत. आले ते सरळ पहिल्या ढिगात पाय घालून. खिळे उडाले, होल्डर गडगडत भिंतीला लागला आणि तात्या दोन्ही हातांवर खाली आले. आम्ही धावलो. त्यांनी आमचे हात झिडकारले आणि पांडूच्या सात पिढ्या अशा उद्धरल्या की बंदरावरचे हमाल दारात येऊन उभे राहिले.

मग ते तिथेच बसून राहिले. शिव्या थांबल्या. हात शेजारच्या ढिगावर फिरला, मग त्याच्या पुढच्या.

"पांडग्या," शेवटी म्हणाले, "मेल्या, ह्यां एका घराचा सामान आसा रे."

खरंच होतं ते. एका घरात दोन दिवे लावायला जे लागतं ते सगळं त्या एका वाट्यात होतं. तार जोडणाऱ्या माणसानं गुदामात यायचं, एक वाटा उचलायचा, चालू पडायचं. दुसऱ्या दिवसापासून मांडणीवर वाटे रचायला लागले. "ह्यो पांडग्याचो शोध," म्हणून तात्या येईल त्याला सांगायचे. पण मला तो शोध दिसला नाही. मला फक्त लाथ दिसली. कामगारानं घाम गाळून लावलेल्या मालावर अधिकाऱ्याची लाथ! हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसरा महिना अर्धा सरला आणि एका सकाळी तात्या म्हणाले, "साहेब माका इचारतले, कोण तयार आसा. मी सांगतलंय, एकय नाय." 

मी उसळलो. "सगळो माल वळाखतव आमी!"

"खुर्चीर बसान वळाखतास. खांबार चढलेल्या माणसाक उभ्या पावसात डोळे उघडूक येतत काय? वाऱ्यात खारा पाणी डोळ्यात जाता. तेच्या हातात तू खालसून काय देतलंस, तां तेना बघूचा नाय. तेना नुसता घेवचा. तेका तडो गेलेलो कप दिलंस तर?"

"मगे आमका कायम कधी करतलास? आमी म्हातारे झाल्यावर?"

"अजून चार म्हयने ऱ्हवा माझ्याकडे," ते म्हणाले. मला तेव्हा वाटलं, हा माणूस घाटावरच्यांना सामील आहे.

त्याच संध्याकाळी मी छापखान्यात गेलो. पत्रकाचं नाव, 'गुदामातील हुकूमशाही'. मी आजवर काढलेल्या पत्रकांत ते सर्वांत जोरदार होतं, असं अजूनही लोक म्हणतात. त्यात काही खोटं नव्हतं. हे तरुण कामगारांचे डोळे बांधतात. सुशिक्षित माणसाला रोज उभं करून वाचायला लावतात. स्वतः एक कागद वाचत नाहीत, एक ओळ लिहीत नाहीत, सगळं आमच्याकडून करून घेतात. आणि आमच्या कष्टाच्या मालाला लाथेनं उडवतात! बाजाराच्या दिवशी वाटलं. एक प्रत साहेबांना टपालानं पाठवली. मासळीबाजारात तात्यांना बघून बायका पदर तोंडाला लावून हसल्या म्हणे. तात्या दुसऱ्या दिवशी कामावर आले आणि मला एवढंच म्हणाले, "छापखाना, यादी वाच."

परीक्षेला साहेब आले ते माझं पत्रक खिशात घालून. टेबलावर त्यांनी वीस-पंचवीस वस्तू मांडल्या. पांडूनं एकही न बघता, छताकडे तोंड करून, नुसत्या हातानं ओळखल्या. नावं थोडी चुकली, माल चुकला नाही. एका इन्सुलेटरला टिचकी मारून तो साहेबांना म्हणाला, "साहेबांनू, ह्यो बाद." साहेबांनी भिंग मागवलं. बाद होता. तो इन्सुलेटर साहेबांनी स्वतः आणला होता, चांगला म्हणून. आम्ही पाचही पास.

मग साहेबांनी खिशातून पत्रक काढलं. "खवणेकर, तुमच्यावर हे आरोप आहेत. मोठ्यानं वाचा आणि एकेकाचं उत्तर द्या."

तात्यांनी कागद हातात घेतला. नीट, सरळ धरला. ते काही वाचेनात. कागदाची कड त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली, वायरचं रबर बघतात तशी, आणि हळूच चोळली.

"कागद हलको आसा, साहेब," ते म्हणाले. "शाई हाताक लागता. छापखानेवाल्यान ह्येका फसवलान."

साहेब हसायला गेले आणि थांबले. मी तात्यांच्या बोटांकडे बघत होतो. रोज सकाळी माझ्यापुढे धरलेली यादी मला आठवली.

"किती दिवस झाले?" साहेबांनी विचारलं.

"डावा डोळा जाऊन तीन वर्षं झाली, साहेब." साहेबांशी ते पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होते. "उजवा गेल्या पावसाळ्यात. थोडा उजेड कळतो अजून, माणूस नाय कळत. पण साहेब, माल मोजून घ्या. एक खिळो कमी आसलो तर माका सांगा."

दोन दिवस मोजणी चालली. एक खिळा कमी निघाला नाही. एक बाद वस्तू निघाली नाही. मी विचारतो, डोळस माणसांची किती गुदामं अशी निघतील? पण खात्याला डोळे लागतात, हात लागत नाहीत. महिनाअखेर तात्यांना घरी बसवलं. दोन ओळींचा कागद आला. तो मीच त्यांना वाचून दाखवला. त्यात आभार हा शब्दसुद्धा नव्हता. आणि हा कागद आणला कुणी? पुरावे गोळा केले कुणी, छापले कुणी, टपालखर्च कुणी केला? त्या माणसानं जे इतके दिवस साऱ्या खात्यापासून लपवलं, ते मी एका पानावर मुद्देसूद मांडून पाठवलं होतं, आणि मला स्वतःला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

निघताना ते माझ्यापाशी थांबले. "छापखाना, सगळा खरा लिवलंस हां. एक सोडून." माझ्या खांद्यावर हात ठेवला, खांदाच आहे ना हे बघितल्यासारखा. "ती लाथ नाय होती रे. पडलंय मी."

वर्षभरानं तात्यांच्या, दांडीच्या किनाऱ्यावरच्या वाडीपर्यंत खांब आले आणि त्यांच्या घराच्या तीन घरं अलीकडे थांबले. का? घर फार टोकाला आहे, एकट्या माणसाचं आहे, दोन खांब वाढवणं परवडत नाही. मी चार अर्ज लिहिले. पाचव्यात पत्रक काढण्याची धमकी घातली. खांब आले.

मग आम्ही पाच जण एका रविवारी दुपारी गेलो. बरोबर एक वाटा नेला होता. रापणीत म्हातारा झालेला माणूस दोरीला हात लावू शकत नसला तरी त्याचा वाटा काढून ठेवतात, हे पांडूनं आम्हाला सांगितलं होतं. तात्या ओटीवर बसले होते. आमच्या चालण्यावरूनच त्यांनी एकेकाला ओळखलं. वाटा त्यांच्यापुढे ठेवला. पांडूनं पाठ फिरवली आणि ओरडला, "ह्यो कोणाचो?"

"तात्यांचो!" आम्ही म्हटलं.

तात्यांचा चेहरा कडक झाला. "खात्याचो माल? चोरलास?"

"इकत हाडलो, तात्यांनू. बाजारातसून."

"पावती खंय आसा? वाच."

मी वाचली. मग त्यांनी एकेक वस्तू हातात घेतली. वायर वाकवली, स्विच गालाला लावला, कटाउटला टिचकी मारली. एक होल्डर बाजूला ठेवला. "ह्येचे आटे झिजलेत. बदलून हाड." पांडू उन्हातून बाजारात पळाला.

दोन दिवे होते. एक आत लावू म्हटलं तर नको म्हणाले. दोन्ही ओटीवर. दिवेलागणीला जोडणी झाली, मी बटण दाबलं.

"लागलो?"

"लागलो."

त्यांनी हात वर करून बल्बाजवळ तळवा धरला. ऊब लागेपर्यंत धरून ठेवला.

"माका तेचो काय उपयोग," म्हणाले. "पण वाटेन जाणाऱ्याक कळाक होया, हय कोण तरी आसा म्हणान."

बाकीचे चौघे गेले. मला बस म्हणाले. "छापखाना, ता पत्रक आसा रे तुझ्याकडे?"

होतं. तेव्हापासून पाकिटात होतं. फाडायला झालं नव्हतं.

"सगळ्या मालवणान वाचलान. मासळीबाजारात वाचलान. माकाच कोणी वाचून दाखवूक नाय." ते भिंतीला टेकले आणि डोळे मिटले, यादी ऐकताना मिटायचे तसे. "आता उजेड आसा. वाच. आणि रागान वाच हां, नेहमीसारखो. ती लाथ गाळू नको."

मी वाचलं. लाथेसकट.

"पुढे?" तात्या म्हणाले.

पुढे काही नव्हतं. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.